ग्रास कटरची दोरी सारखी तुटते? आधी तुटलेलं टोक बघा

मृग बरसून तीन आठवडे झाले की आमच्या वाडीत गवत गुडघ्याला लागतं आणि माझ्या पडवीत एकेक जण आपापला ग्रास कटर, म्हणजे फिरत्या नायलॉनच्या दोरीने गवत कापणारं मशीन, घेऊन यायला लागतो. तक्रार ठरलेली. "मशीन झकास चालतंय रे, पण दोरी टिकत नाही." मग त्याचे पाठभेद: दर पाच मिनिटांनी तुटते, आतच अडकते, ठोकून ठोकून हात दुखले तरी बाहेर येत नाही, नवं रीळ एका सकाळीत संपलं.

मी मेकॅनिक नव्हे. चिपळूणजवळ घर, घराभोवती दोन गुंठ्यांच्या आतबाहेर परडं, चिऱ्याचा गडगा, सात कलमं, तुळस आणि विहिरीकडे उतरणारी पाखाडी. एवढ्याशा जागेत सहा पावसाळे गवत कापतोय. दोन मशीनं झाली, त्यातलं पहिलं मी स्वतःच्या हाताने जाळलं. ते कसं, हे पुढे येईलच. आधी आलेल्या प्रत्येकाला मी जे सांगतो ते सांगतो: दोरी बदलायची घाई करू नका, तुटलेलं टोक आधी बघा. दोष मशीनचा आहे, दोरीचा आहे की आपल्या हाताचा, ते त्या टोकावर लिहिलेलं असतं.

पण त्याच्याही आधी एक काम. प्लग काढा. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढून पायरीवर ठेवा. पेट्रोलचं असेल तर बंद करून स्पार्क प्लगची टोपी ओढून काढा. मशीन उलटं करताना हात हमखास मुठीवर पडतो आणि खटका दाबला जातो. बटण बंद आहे म्हणजे मशीन बंद आहे, असं समजून रिळात बोटं घालू नका.

टोक केसाळ झालंय

दोरीचं टोक झिजून दाताच्या जुन्या ब्रशासारखं फुटलेलं दिसलं, तर दोरी दगडावर घासली गेली. हा आजार नव्हे, ही झीज. आमच्याकडे तर चिरा म्हणजे खरखरीत कानसच. गडग्याच्या कडेने दहा पावलं गेलात की दोरी चार बोटं कमी होते. शहरातल्या बंगल्यांत तेच काम पेव्हर ब्लॉक आणि कुंपणाची जाळी करते. जाळीत तर टोक अडकून तुकडाच उडतो.

यावर उपाय हातात आहे. गवत दोरीच्या टोकाने कापलं जातं, मधल्या भागाने नाही. लोक मशीन गवतात खुपसतात, झाडू मारल्यासारखं रेटतात, मग दोरी वाकते, ओढली जाते, तुटते. टोक गवताला नुसतं लागू द्यायचं. गडग्याजवळ मशीन थोडं तिरकं धरून वीतभर अंतरावरून हळूहळू आत जायचं आणि टोक दगडाला टेकलंय असा 'टर्र' आवाज आला की मागे यायचं. शेवटची दोन बोटं रुंदीची पट्टी मी विळ्याने काढतो. त्यात कमीपणा नाही.

गवत कमरेएवढं झालं असेल तर एका दमात मुळाशी जाऊ नका. आधी वरचं अर्धं उतरवा, मग खालचं. नाहीतर ओलं गवत डोक्याभोवती, म्हणजे रीळ बसतं त्या खालच्या भागाभोवती, वळ्या घालत जातं आणि मशीनचा आवाज जड होतो. आवाज जड झाला की थांबून, प्लग काढून, ते गुंडाळलेलं गवत सुरीने सोडवायचं.

भोकापाशीच कचकन तुटते

दोरी जिथून बाहेर येते त्या भोकात धातूची छोटी कडी बसवलेली असते. ती झिजली किंवा गळून पडली की प्लास्टिकची कड उघडी पडते आणि वेगात ती कड दोरी कापते. नख फिरवून बघा, खाच लागली तर तेच कारण. कडी वेगळी मिळाली तर बदला, नाही तर अख्खं डोकं बदलायला लागतं. स्वस्त मशीनच्या डोक्यात मुळात कडीच नसते, नुसतं प्लास्टिक असतं, हे विकत घेतानाच बघायचं.

कडी शाबूत असूनही तिथेच तुटत असेल तर दोरी कामाला बारीक पडतेय. हरळी आणि केना बारीक दोरीने कापले जातात. टाकळा, आघाडा जून झाला, दांडा पेन्सिलीएवढा झाला, की त्यावर बारीक दोरी मारणं म्हणजे दोरी आणि संयम दोन्ही वाया. असली झाडं पावसाळ्यात हाताने उपटून येतात, माती मऊ असते. लव्हाळा मात्र कापूनही जात नाही आणि उपटूनही जात नाही, त्याचे गड्डे खाली असतात, आठ दिवसांत परत वर. त्याच्याशी मी तह केलाय.

काडीसारखी मोडते

दोरी वाकवून बघा. वाकण्याऐवजी कट्‌ आवाज करून मोडली तर ती वाळलीय. ही दोरी नायलॉनची, मासे गरवायला वापरतात त्या तंगूसाचीच जाडी बहीण. नायलॉन हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि त्या ओलाव्यामुळेच लवचिक राहतो. गेल्या दिवाळीपासून पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मेच्या उन्हात भाजलेलं रीळ जूनमध्ये कडक होणारच.

फेकू नका. रीळ आदल्या रात्री बादलीत पाण्याखाली बुडवून ठेवा, सकाळी पुसून वापरा. इतका साधा उपाय आहे की कोणी विश्वास ठेवत नाही. मागच्या वर्षी शेजारच्या काकांनी माझ्या देखत मोडकी दोरी भिजत घातली, दुसऱ्या दिवशी तिची गाठ मारून दाखवली. आमची आई मात्र अजून विचारते, "मटकी भिजत घातलीस की वायर?"

आतमध्ये चिकटते: खरी डोकेदुखी

सगळ्यात जास्त लोक हीच तक्रार घेऊन येतात. दोरी बाहेर दिसत नाही, टोपण उघडलं तर रिळावर वेढे छान बसलेले, पण एक वेढा सोडवायला जावं तर तो खालच्या वेढ्याला वितळून चिकटलेला. नखाने सोडवताना पापुद्रा निघतो.

हे कशाने होतं? रिळावर दोरी सैल गुंडाळली असेल तर फिरताना वेढे एकमेकांवर घासतात आणि तापतात. दगडाला टोक आपटलं की बाहेरून हिसका बसतो आणि वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांच्या फटीत रुततो. त्यात थांबा न घेता अर्धा तास पूर्ण वेगात मशीन चालवलं की झालं. उष्णता, दाब आणि हिसका, तिन्ही मिळून वेढे जोडले जातात. चिकटलेली दोरी परत वापरायचा प्रयत्न करू नका, तेवढा भाग कापून टाका.

दोरी भरणं ही वरवर क्षुल्लक गोष्ट आहे, पण निम्मे आजार तिथेच जन्माला येतात. मी कशी भरतो ते सांगतो. टोपणाच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या दाबून टोपण काढायचं. खाली स्प्रिंग असते, ती उडून गवतात गेली की दुपार तिला शोधण्यात जाते, म्हणून हे काम परातीत करायचं. रिळावर बाणाची खूण असते, दोरी त्या दिशेनेच गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर मशीन फिरताच सैल होते. दोन दोऱ्यांचं डोकं असेल तर रिळाच्या मध्ये आडवी भिंत असते. लांब दोरी मधोमध दुमडून, दुमडलेला भाग त्या भिंतीच्या खाचेत अडकवायचा आणि एक पदर वरच्या कप्प्यात, दुसरा खालच्या कप्प्यात, दोन्ही एकाच दिशेने घ्यायचे. दोन पदर एकाच कप्प्यात गेले की पुढच्या पाच मिनिटांत गुंता ठरलेला.

वेढ्याला वेढा लागून, ताणून, रहाटाच्या दोरासारखे ओळीने घ्यायचे. एकावर एक तिरके जाऊ द्यायचे नाहीत. रीळ काठोकाठ भरायचं नाही, काठापासून अर्धा सेंटीमीटर रिकामा ठेवायचा. लोक इथे हावरटपणा करतात. शेवटी दोन्ही टोकं वीतभर बाहेर ठेवून खाचांत दाबायची, भोकांतून ओवायची, रीळ बसवायचं आणि टोकं हिसका देऊन ओढायची, म्हणजे खाचांतून सुटतात. मग रीळ दाबून टोकं ओढून बघायची: दाबलं की सरकली पाहिजेत, सोडलं की थांबली पाहिजेत. ही परीक्षा पास झाली की मगच बॅटरी लावायची.

ठोकलं तरी बाहेर येत नाही

डोकं जमिनीवर ठोकून दोरी सोडणाऱ्या मशीनमध्ये दोरी बाहेर ओढते ती तिच्याच फिरण्याची ओढ. बाहेर राहिलेला तुकडा दोन-तीन बोटं इतकाच असेल तर ओढच पुरत नाही, मग कितीही आपटा. उलट आपटून टोपणाचं बूड फुटतं. बंद करून, प्लग काढून, रीळ दाबून हाताने ओढून घ्यायची. दोरी पुरेशी लांब असतानाच, पूर्ण वेगात, मऊ मातीवर एकदाच हलकं टेकवायचं. पाखाडीच्या दगडावर नाही.

काही मशीनमध्ये दोरी आपोआप सुटते, ठोकावं लागत नाही. अशांत बऱ्याच मशीनमध्ये दर वेळी बंद करून चालू केलं की थोडी दोरी बाहेर येते आणि गार्डवरचं, म्हणजे दोरीमागच्या आडोशाच्या झाकणावरचं, पातं जास्तीची कापून टाकतं. आपल्याला सवय असते खटका सारखा दाबायची आणि सोडायची, मिक्सरसारखी. मग रीळ बघता बघता संपतं आणि आपण म्हणतो दोरी तुटते. ती तुटत नसते, आपणच कापतो. गवतात जायच्या आधी सुरू करा आणि पट्टा संपल्यावरच सोडा.

मी मशीन कसं जाळलं

पहिलं मशीन विजेवरचं होतं, साडेतीनशे वॉटचं, त्याला १.२ मिलिमीटरची दोरी. ती गडग्यावर टिकेना म्हणून शेतीच्या अवजारांच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने २.४ ची दिली, "ही लोखंडासारखी आहे, तुटायची नाही." ती भोकातून जाईना म्हणून मी भोक मोठं केलं. आणि गार्ड गवतात अडकतो म्हणून तोही काढून टाकला. खूप हुशारी वाटली. दहा मिनिटं गवत असं कापलं गेलं की विचारू नका. मग जळक्या वार्निशचा वास आला, मुठीजवळच्या फटीतून निळसर धूर निघाला आणि मशीन कायमचं शांत झालं.

दोरीचं म्हणाल तर ती खरंच तुटली नव्हती.

झालं असं की गार्डवर एक छोटं पातं असतं, ते दोरीची लांबी मापात ठेवतं. गार्ड काढला की दोरी हवी तेवढी लांब होते. लांब आणि जाड दोरी फिरवताना हवेचाच विरोध इतका वाढतो की मोटर दमते, वेग पडतो, आतला पंखा हळू होतो आणि मोटरमधली तारेची गुंडाळी तापते. म्हणून मशीनवर जो आकडा लिहिलाय त्याच जाडीची दोरी. विजेवरच्या आणि बॅटरीच्या छोट्या मशीनला साधारण १.२ ते १.६, मोठ्या बॅटरीच्या मशीनला २ पर्यंत, पेट्रोलच्यांना २.४ आणि त्यापुढे. जाड म्हणजे चांगली, हे इथे चालत नाही.

गार्ड दुसऱ्याच कारणासाठी जास्त महत्त्वाचा. हिशेब करून बघा: ३० सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ कापणारं मशीन मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल तर दोरीचं टोक ताशी सुमारे ४५० किलोमीटरने जातं. त्या टोकाने उडवलेला खडा पायावर बसला तर काळंनिळं होतं, डोळ्यात बसला तर डोळा जातो. साधा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. फुल पॅन्ट, गमबूट. आणि आसपास पंधरा मीटरमध्ये माणूस, कुत्रं, उघडी खिडकी, लावलेली गाडी नको. छोट्या बागेत पंधरा मीटर म्हणजे अख्खी बागच, म्हणून मुलांना घरात घालून दार लावायचं. लपाछपी नंतर.

दोरी टिकत नाही म्हणून काही जण क्लचची केबल, तार, नाहीतर साखळी लावतात. बाजारात साखळीची तयार डोकीही मिळतात. कृपा करून लावू नका. नायलॉन तुटला तर तो तुकडा हलका असतो, साखळीची कडी तुटली तर ती गोळीसारखी जाते. युरोपीय संघाने अशा साखळीच्या जोडण्यांची विक्री २०१२ मध्ये बंद करायला लावली, ती उगाच नव्हे. हे मशीन मुळात मऊ दोरीचं झालं त्यालाही कारण होतं. ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ मध्ये गाडी धुण्याच्या ठिकाणचे फिरते ब्रश बघून ही कल्पना सुचली आणि पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडून त्यांनी पहिला नमुना केला. झाडाच्या बुंध्याभोवतीचं गवत सालीला इजा न होता काढायचं, हा हेतू.

तरी साल सोलली जातेच. मोठ्या झाडाला फारसा फरक पडत नाही, पण दोन वर्षांच्या हापूसच्या कलमाची साल करंगळीच्या नखाएवढी जाड. दोरी सगळीकडून फिरली की बुंध्याला पांढरं कडं दिसतं, आणि पानांतून मुळांकडे अन्न त्या सालीतूनच उतरतं. माझं एक कलम असंच गेलं, चार महिने हिरवं उभं होतं, मग एकदम वाळलं. आता प्रत्येक कलमाभोवती हातभर जागा हाताने साफ करतो आणि तिथे पातेरा पसरतो, म्हणजे मशीन तिकडे न्यायची वेळच येत नाही.

मग घ्यायचं कुठलं?

हा प्रश्न शेवटी येतो, खरं तर पहिला यायला हवा. बऱ्याच जणांची दोरी तुटते कारण जागेला मशीनच चुकीचं आहे.

एक गुंठ्याच्या आत, भिंतीवर प्लग जवळ, गवत बारीक: विजेवरचं घ्या. हलकं असतं, स्वस्त असतं. पण आपला खरा काळ पावसाळ्याचा, आणि ओल्या गवतात वीज नको. पाऊस थांबून गवत वरून सुकल्यावरच, आणि ज्या बोर्डावरून घेताय त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, असेल तरच. जुन्या घरांत तो नसतोच, फ्यूज असतो, आणि फ्यूज माणसाला वाचवत नाही. एक्स्टेंशन दीड एमएमच्या वायरचं, जोड न मारलेलं, पूर्ण उलगडलेलं. वायर खांद्यावरून मागे टाकायची आणि प्लगपासून दूर दूर कापत जायचं, म्हणजे ती दोरीखाली येत नाही.

एक ते तीन गुंठे: बॅटरी. मी आता हेच वापरतो. ऑनलाइन बाजारात '४८ व्होल्ट', '८८ व्होल्ट' असं छापलेली स्वस्त मशीनं दिसतात, त्या आकड्यांवर जाऊ नका. बॅटरीत पाच सेल ओळीने असतील तर ती १८ व्होल्टचीच, पूर्ण चार्ज झाल्यावर २१. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर एवढा गुणाकार करा: १८ गुणिले २ म्हणजे ३६ वॉट-अवर. मोटर ३०० वॉट खेचत असेल तर पूर्ण जोरात सात मिनिटं. म्हणून ४ अँपिअर-अवरची बॅटरी, शक्यतो दोन. त्याच स्वस्त मशीनबरोबर करवतीसारखी लोखंडी चकती फुकट देतात, ती मी घरात येण्याआधीच भंगारात टाकली. टीचभर गार्डवर करवत म्हणजे पाय गमावायची सोय.

त्यापुढे, किंवा रान माजलेलं असेल तर पेट्रोलचा ब्रश कटर. दोन-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये तेल मशीनच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रमाणातच: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलि, २५:१ म्हणजे ४०. अंदाजाने झाकण ओतू नका. कानात बोळे घाला. पण दोन गुंठ्यांसाठी हे घेऊ नका, वर्षातले दहा दिवस वापरायचं आणि बाकी साडेअकरा महिने कार्बोरेटर साफ करत बसायचं.

आणखी एक, मशीन कुठलंही असो. कापायच्या आधी काठीने गवत बडवत एक फेरी मारा. दगड, नारळाच्या करवंट्या, बाटल्या दिसतात, आणि आमच्या भागात फुरसं, हा विषारी साप, असतं. त्याला पळायला दोन मिनिटं द्या. गाजर गवत असेल तर फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटा. मशीनने त्याचा भुगा हवेत उडतो आणि अंगाला खाज सुटते, दमेकऱ्यांना तर श्वास लागतो.

नवरात्रापर्यंत गवताचा जोर ओसरतो. खंडेनवमीला कोयती, विळे, पहार पुसून मांडतो, त्यातच आता हेही असतं. त्या निमित्ताने डोकं उघडून आतलं वाळकं गवत काढतो, गार्डखालचा हिरवा थर खरवडतो. पेट्रोलवाल्यांनी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी धरतं आणि कार्बोरेटरमध्ये घाण बसते. बॅटरी अर्धी भरलेली, घरात, कपाटात. रीळ मात्र शेडमध्ये नाही, मोरीजवळच्या फडताळात.